व्हर्लिन हॅटमेकरची करंगळी

व्हर्लिन हॅटमेकरच्या उजव्या हाताची करंगळी सरळ नाही. मधल्या पेरापाशी ती अशी काही वळते, की जणू पत्ता विचारायला क्षणभर थांबली आणि मग भलत्याच दिशेने निघून गेली. काउंटीच्या शाळेच्या बस दुरुस्त करण्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला एखादा तरी अवयव इंजिनाच्या पट्ट्याला वाहावाच लागतो. व्हर्लिनने करंगळी वाहिली आणि उरलेल्या नऊ बोटांनी पेन्शनच्या कागदावर सही केली. हीच वाकडी करंगळी पुढे टेनेसीपासून अलास्कापर्यंत हजारो घरांत ओळखीची होणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर व्हर्लिनने बसखालून डोकंही बाहेर न काढता त्याला वाटेला लावलं असतं.

पण झालं खरं तसंच. निवृत्तीनंतर पहिल्याच हिवाळ्यात त्याने कोठारातल्या सुतारकामाच्या बाकामागे उभं राहून बंदुकांविषयी बोलायला सुरुवात केली. समोर नेडीनचा फोन, तोही तिच्या गोधडी शिवायच्या चौकटीला केसांच्या चापाने अडकवलेला. नेडीन म्हणजे त्याची बायको. "घरात माझ्याशी बोलतोस त्याच्या दुप्पट तू त्या फोनशी बोलतोस," असं ती म्हणाली. व्हर्लिन म्हणाला, "फोन मधेच उठून भांडी घासायला जात नाही." त्यावर नेडीनने फोन काढून स्वतःच्या हातात घेतला, आणि तेव्हापासून सहा वर्षं चित्रीकरणाचं खातं तिच्याकडे आहे.

कार्यक्रमाचं नाव 'कोठारातला शनिवार'. सकाळी नऊला सुरू, दहाला बंद, कारण सव्वादहाला व्हर्लिनला नाश्ता लागतो. सुरुवातीला तो सगळे वापरतात त्या फुकटच्या मोठ्या संकेतस्थळावर चाले. तिथून अधूनमधून एखादा भाग नाहीसा होई, का ते कुणी सांगत नसे. मग व्हर्लिनने एका तेलवाल्याची जाहिरात घेऊन पाहिली. तेल बरं वाटलं, त्याने तारीफ केली. तिसऱ्या आठवड्यात त्याच तेलाचा बंदुकीत गोंद झाला. आता ज्याच्या पैशावर कॅमेरा घेतला त्याच्या तेलाला त्याच कॅमेऱ्यासमोर गोंद कसं म्हणायचं? व्हर्लिनने दोन दिवस विचार केला, तिसऱ्या दिवशी गोंद म्हटलं, आणि उरलेल्या बाटल्या, कॅमेरा आणि माफीचं पत्र असं सगळं एका खोक्यात घालून परत पाठवलं. त्यानंतर जाहिरात नाही. आपलं स्वतःचं पान, आणि ज्यांना कार्यक्रम हवा त्यांनीच तो चालवायचा. ज्यांना पैसे जमत ते पैसे पाठवत. ज्यांना जमत नसत ते लोकरी मोजे, मध, सुकवलेली सफरचंदं पाठवत. आयडाहोची एक बाई दर शरद ऋतूत बटाट्यांचं खोकं पाठवी. तिला टपालखर्च बटाट्यांपेक्षा जास्त पडतो हे तिला चारदा कळवून झालं होतं.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायचं काम हॉइटचं. हॉइट ब्रूस्टर हा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर लोकांची पत्रं नुसती बाहेरूनच बघावी लागली, त्याचा सूड तो आता दर शनिवारी खणखणीत आवाजात घेई. त्याच्यापाशी गाईच्या गळ्यातली एक घंटा असे. शेवटची दहा मिनिटं हक्कांची. टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलच्या विधानसभेत, बंदुकीविषयी कुठला कायदा येतोय, त्यात कुठलं कलम काय म्हणतं, हे व्हर्लिन बसच्या गिअरची पुस्तिका वाचावी तसं ओळीओळीने वाची. "आमदाराला पत्र लिहा," तो सांगे, "पण आधी कलम वाचा. आणि त्याच्या आईचा त्यात काही संबंध नाही." कुणी आमदाराला शिवी लिहिली की हॉइट घंटा वाजवी, आणि व्हर्लिन तेच कलम पुन्हा पहिल्यापासून वाची. या शिक्षेच्या धाकाने आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी माणसांची भाषा सुधारली. चर्चला जे जमलं नव्हतं ते घंटेला जमलं.

आणि करंगळी? करंगळी पहिल्या मिनिटाला. बंदूक कुठलीही असो, आजोबांची असो की कालच दुकानातून आणलेली, व्हर्लिन ती हातात घेतली की आधी उघडणार, आत बघणार, आणि काडतूस जिथे बसतं त्या खोबणीत ती वाकडी करंगळी घालून कॅमेऱ्याला दाखवणार. "डोळा खोटं बोलेल, बोट बोलत नाही." मगच पुढची गोष्ट. बंदूक बाकावर ठेवून चहाचा घोट घेतला आणि पुन्हा उचलली, तरी पुन्हा करंगळी. एकदा खोकला आला म्हणून खाली ठेवली तर खोकल्यानंतरही करंगळी.

याच्यामागे ग्लेंडा होती. ग्लेंडा ही नेडीनची धाकटी बहीण. नॉक्सव्हिलच्या इस्पितळात तातडीच्या विभागात नर्स. बंदूक हा शब्द जेवणाच्या टेबलावर निघाला की ती काटा खाली ठेवायची. सहा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिने टर्कीच्या तंगडीवरून सरळ व्हर्लिनच्या डोळ्यांत बघत विचारलं होतं, "सरकारने तुम्हाला नियम लावायचा नाही, ठीक आहे. मग आम्ही तुमच्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या जोरावर?"

व्हर्लिनने त्या वेळी ताट पुढे सरकवलं. तो ग्रेव्हीच म्हणाला. म्हणजे, "ग्रेव्ही इकडे दे," एवढंच म्हणाला. पण प्रश्न त्याच्या घशात अडकून राहिला, आणि पुढच्याच महिन्यात, कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या भागात, तो बोलून गेला. "मला बाहेरून नियम नको असेल तर मी स्वतःला घातलेला तरी मोडता कामा नये. ज्या दिवशी मी या कॅमेऱ्यासमोर बंदूक न तपासता हाताळीन, त्या दिवशी हा कार्यक्रम बंद. त्याच दिवशी. शब्द."

"कशाला बोलतोस असं?" नेडीन फोनमागून पुटपुटली होती. ते पुटपुटणंही पहिल्या भागात ऐकू येतं.

ग्लेंडाने तो भाग पाहिला. त्यानंतरचा प्रत्येक भाग पाहिला. कधी एक अक्षर लिहिलं नाही. पण बघणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव दिसलं की व्हर्लिनची पाठ आपोआप ताठ व्हायची. गणिताच्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्यासारखी.

तर असा हा कार्यक्रम तीनशेव्या भागाला येऊन पोहोचला, आणि खोऱ्याच्या अंगात आलं. कोठारात माणसं मावणार नाहीत म्हणून अग्निशामक दलाची शेड घेतली. दोन्ही बंब बाहेर काढून उभे केले. आत बीन्सचे चार हंडे, मक्याचा पाव, बर्फ घातलेला गोड चहा आणि सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक. ओहायोहून टेड नावाचा एक अगडबंब प्रेक्षक रात्रभर गाडी हाकत आला होता. त्याने व्हर्लिनशी हात मिळवला आणि हात सोडण्याआधी करंगळी उलटसुलट करून बघितली. "खरीच आहे की!" तो मागच्या लोकांना ओरडून म्हणाला.

आणि मुख्य पाहुण्या मिस ओपल विगिंग्टन. वय एक्याण्णव. हॉइट त्यांना सतरा मैलांवरून स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. त्यांनी आपल्या वडिलांची एकनळी बंदूक आणली होती. साठ वर्षं ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. ती अजून चालेल का, एवढंच त्यांना व्हर्लिनला विचारायचं होतं. बंदूक गोधडीत गुंडाळलेली आणि गोधडी वरून टाके घालून शिवलेली.

"उघडून एकदा बघू का आधी, मिस ओपल?" हॉइटने निघताना विचारलं होतं.

"व्हर्लिन उघडेल. कॅमेऱ्यासमोर. मी केस उगाच सेट करून घेतले का?"

नऊ वाजले. नेडीनने बोट वर केलं. व्हर्लिनने गोधडीचे टाके खिशातल्या चाकूने उसवले, गोधडी बाजूला केली, बंदूक अर्धवट उचलली. आणि त्याला दस्त्याच्या खालच्या बाजूला एक खूण दिसली. कोंबडीच्या पायासारख्या तीन रेघा.

इथे एक सांगायला हवं. व्हर्लिनचा पॅपॉ, म्हणजे आईचा बाप, बंदुकांचे मोडलेले दस्ते अक्रोडाच्या लाकडात पुन्हा घडवून द्यायचा, आणि प्रत्येकाखाली या तीन रेघा कोरायचा. घरातले त्याच्या हातचे सगळे दस्ते एका पुरात घरासकट वाहून गेले. व्हर्लिन गेली चाळीस वर्षं बाजारात, लिलावात, लोकांच्या माळ्यांवर ती कोंबडीच्या पायाची खूण शोधत होता. दिसेल त्या बंदुकीची पालथी बाजू आधी बघायची त्याला सवयच लागली होती.

"पॅपॉ!" व्हर्लिन ओरडला. नुसता ओरडला नाही, नाचला. बंदूक उचलून त्याने नळी छताकडे केली आणि दस्ता कॅमेऱ्यापुढे धरला. "नेडीन, हे बघ! जवळ ये! टेड, इकडे ये! कोंबडीचा पाय! माझ्या पॅपॉचा हात लागलाय याला! मिस ओपल, तुम्ही साठ वर्षं माझा आजा दारामागे उभा करून ठेवला होता!"

शेडमध्ये टाळ्या. टेडने टोपी उडवली. व्हर्लिन बंदूक घेऊन डावीकडच्यांना दाखवतोय, उजवीकडच्यांना दाखवतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"व्हर्लिन," नेडीन हलकेच म्हणाली.

"काय घासलाय बघ! आरशासारखा!"

"व्हर्लिन!"

हॉइट आपलं काम करत होता. त्याने पडद्याकडे बघून वाचायला घेतलं. "मोंटानाचे लोक म्हणतात, अभिनंदन. बटाटेवाल्या बाई म्हणतात, रडू आलं. मिशिगनचा एक जण म्हणतो, बोट. आं? टेक्सासचा म्हणतो, बोट. बोट. बोट. अरे व्हर्लिन, सगळेच बोट म्हणायला लागले की रे!"

 बाहेरच्या बंबाच्या नळातून पडणारं पाणी शेडमध्ये ऐकू येऊ लागलं.

व्हर्लिन जिथे होता तिथे थांबला. नळी छताकडेच होती, बोट चापापासून लांबच होतं. हात विसरले नव्हते, डोकं विसरलं होतं. त्याने सावकाश खटका दाबला. बंदूक मधून वाकली, आणि खोबणीत पितळ दिसलं. हिरवं पडलेलं, पण पितळच. त्याने जुनं, फुगलेलं कागदी काडतूस चिमटीत धरून ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं.

"भरलेलीच आहे ती," मिस ओपल खुर्चीतून म्हणाल्या. "रिकामी बंदूक दारामागे उभी करून कोल्ह्याला काय दाखवायचं? केरसुणी?"

"मिस ओपल," व्हर्लिन काडतुसाकडे बघत म्हणाला, "सांगायचंत ना."

"मला कुणी विचारलंच नाही. हॉइटने विचारलं ते उघडू का म्हणून. भरलेली आहे का म्हणून कुठे विचारलं?"

हॉइटने वाचायचा चष्मा काढला. "सतरा मैल," तो म्हणाला. "सतरा मैल ती माझ्या मागच्या सीटवर होती. आणि मी खड्डे चुकवले नाहीत."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. व्हर्लिनने काडतूस बाकावर उभं ठेवलं, बंदूक उघडीच शेजारी ठेवली, मग खोबणीत करंगळी घातली आणि कॅमेऱ्याला दाखवली. "आता रिकामी आहे," तो म्हणाला. "पहिल्या भागात मी एक शब्द दिला होता. तीनशे भाग झाले. कार्यक्रम संपला. बीन्स भरपूर आहेत, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका." आणि तो स्वतः न जेवता घरी निघून गेला. कार्यक्रम नऊ वाजून अकरा मिनिटांनी संपला. त्या दिवशी त्याने सव्वादहाचा नाश्तासुद्धा केला नाही. हे जेव्हा खोऱ्यात कळलं, तेव्हा लोकांना प्रकरणाचं गांभीर्य पटलं.

मग सुरू झाला तो आठवडा! फोन थांबेना. पोस्टाची गाडी दिवसातून दोनदा. टेड तर ओहायोला परतच गेला नाही, त्याने अंगणातच तंबू ठोकला आणि रोज सकाळी जाळीच्या दारातून वाद घालू लागला.

"कार्यक्रम आमच्या पैशावर चालतो, बरोबर? मग तू कोण बंद करणारा? मालक आम्ही!"

"पैशावर नाही, भरवशावर चालतो," व्हर्लिन आतून म्हणे. "म्हणूनच बंद."

"नळी वर होती ना पण!"

"करंगळी बाहेर होती."

"शब्द थोडा वाकवला तर काय बिघडतं? करंगळी वाकडीच आहे की!"

"ती इंजिनाने वाकवली. मी नाही."

असं तीन दिवस. नेडीन दोघांनाही कॉफी देई आणि भांडी घासायला जाई. पण व्हर्लिन कोठाराकडे जात नाही, कुत्र्याशीसुद्धा बोलत नाही, खुर्चीत बसून मिस ओपलच्या काडतुसाकडे बघत राहतो, हे तिला दिसत होतं.

बुधवारी दुपारी अंगणात ग्लेंडाची छोटी निळी गाडी येऊन थांबली. इस्पितळाच्या कपड्यांतच ती उतरली. नेडीनने टेडला तिचं नाव आणि तिचा तो जुना प्रश्न सांगितला, तेव्हा त्याने टोपी काढली. आता हिचा विजयाचा दिवस, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. व्हर्लिनलाही तेच वाटलं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला, ताठ.

"बोल," तो म्हणाला. "भरवसा कशाच्या जोरावर, म्हणून विचारलं होतंस. कशाच्याच जोरावर नाही. बघितलंस ना?"

"बघितलं. तीनशे भाग बघितले," ग्लेंडा म्हणाली. "बस खाली. तुला माहितेय मी हे का बघत आले?"

"मी चुकायची वाट बघत होतीस."

"पहिले वीस भाग. मग आमच्याकडे एक माणूस आला, दिवाणखान्यात बंदूक पुसताना मांडीत गोळी घालून घेतलेला. 'रिकामी आहे असं वाटलं होतं,' म्हणाला. सगळे हेच म्हणतात. त्याला बरं वाटल्यावर मी त्याला तुझा कार्यक्रम लावून दिला. त्यानंतर जो जो असा आला, त्याला लावून दिला. आता तू बंद केलास तर मी त्यांना काय दाखवू? हवामानाच्या बातम्या?"

व्हर्लिन बसला. अगदी हळू.

"पण शब्द, ग्लेंडा."

"शब्द पाळ. कोण नको म्हणतंय? तुझा कार्यक्रम बंद झाला. पण मला एक सांग, माझ्या इस्पितळात जालीम औषध मी एकटी देऊ शकते का? तीस वर्षांचा अनुभव आहे मला. तरी नाही. बाटली मी बघते, मग दुसरी नर्स बघते, दोघींनी सही केली तर सुई. का? आम्ही मूर्ख आहोत म्हणून? माणूस आहोत म्हणून. आणि तू एकट्या करंगळीवर सहा वर्षं काढलीस! त्यात तुझा आजा दारामागून बाहेर आला, तर कुणाची करंगळी जागेवर राहील?"

 मग दारातून टेड म्हणाला, "ही बाई आमदारकीला उभी राहणार असेल तर मी टेनेसीत राहायला येतो."

"तू तंबूत जा," नेडीन म्हणाली. पण तिच्या हातातलं फडकं खांद्यावर गेलं होतं, आणि नेडीनचं फडकं खांद्यावर गेलं म्हणजे काहीतरी ठरलं. "शनिवारी नऊ वाजता," ती म्हणाली. "नवा कार्यक्रम. माझा. बाकामागे मी. माझ्या बापाने मला बंदूक शिकवली तेव्हा व्हर्लिन हॅटमेकर बेडकं पकडत होता."

"आणि मी?" व्हर्लिनने विचारलं.

"तू कॅमेरा धर. आणि हात धुऊन ये."

शनिवारी कोठारात पाय ठेवायला जागा नव्हती. पानावर मागच्या तीनशेव्या भागापेक्षा जास्त माणसं येऊन बसली होती. नेडीनने चर्चचा निळा झगा घातला होता. पुढे बाकावर मिस ओपलची बंदूक. पहिल्या रांगेत मिस ओपल, केस पुन्हा सेट केलेले.

"सुप्रभात," नेडीन म्हणाली. "गेल्या आठवड्यात एका माणसाने आपला शब्द पाळला. त्याबद्दल त्याचं काय कौतुक करायचं ते मी घरी केलंय. आता कामाला लागू. मिस ओपल, ही भरलेली आहे का?"

"आता कसं विचारलंस!" मिस ओपल म्हणाल्या. "मी तरी भरलेली नाही. पण माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

नेडीनने खटका दाबला. बंदूक उघडली. तिने आत बघितलं, आपलं बोट घातलं, काढलं. "एक माणूस," ती म्हणाली. "आता दुसरं."

आणि मग चित्राच्या उजव्या कडेने, अगदी हळूच, एक वाकडी करंगळी आत आली. अर्ध्या वाटेत वळली, खोबणीत शिरली, बाहेर आली, आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहिली.

कोठारात जो गलका उठला, त्याने माळ्यावरची कबुतरं उडाली. हॉइटला वाचताच येईना, प्रतिक्रिया इतक्या भरभर वर सरकत होत्या. "करंगळी! करंगळी! बटाटेवाल्या बाई, करंगळी! थांबा, थांबा रे, एक नवीन नाव आलंय. याआधी कधी लिहिलेलं नाही." त्याने चष्मा नाकावर नीट बसवला. "नॉक्सव्हिलहून ग्लेंडा. ती म्हणते, 'दोघांनी बघितलं. पुढे चला.'"

कॅमेरा एकदम डावीकडे कलला. नेडीनचं निम्मं डोकं चित्राबाहेर गेलं.

"सरळ धर रे," ती म्हणाली.

"धरतोय," मागून व्हर्लिनचा आवाज आला. तो आवाजही काही फार सरळ नव्हता.

तेवढ्यात घंटा खणखणली. सगळ्यांनी वळून हॉइटकडे बघितलं.

"शिवी कुणी दिली?" नेडीनने विचारलं.

"कुणी नाही गं," हॉइट डोळे पुसत म्हणाला. "हात गेला आपला."